भिंतीवरच्या दुरड्या

नांदेडात स्वतःच्या घरात येऊन महामायाबाईंना आठ महिने झाले, पण बाईंचा जीव काही एका जागी ठरेना. सकाळचा चहा झाला की भिंतीवरच्या दुरड्या काढायच्या, खिळे उपटायचे, दुसऱ्या भिंतीवर ठोकायचे. कांदा-लसणाची दुरडी ओट्याजवळून खिडकीपाशी, सुई-दोऱ्याची खिडकीपासून दारामागं. खिळ्याच्या जुन्या भोकात पांढरी टूथपेस्ट भरायची आणि बोटानं सारखी करायची. मग भोक कुठं होतं ते शोधून दाखवा म्हणावं!

"आई, लोक असल्या दुरड्या शोभेला म्हणून ऑनलाइन मागवतेत. अन् तू रोज उतरवून राहिलीस," त्यांची मुलगी बुद्धप्रिया म्हणायची. बँकेतून दमून यावं आणि आपला रुमाल आज कुठल्या भिंतीवर आहे ते हुडकत बसावं, याला ती पार वैतागली होती.

"हात शिवशिवतेत गं," एवढंच बाई म्हणायच्या.

हातांना सवय तीस वर्षांची होती. बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. पहिली नेमणूक देवणीची. खोली मिळाली, घरमालकीण गोड बोलायची, स्वतःहून ताक आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. मालकीण ताकाचा तांब्या घेऊन आली, उंबऱ्यातून तसबिरीकडं बघितलं, आणि तांब्या तसाच घेऊन परत गेली. संध्याकाळी निरोप आला, "आमचं पोरगं येनार हाय, खोली लागल." पोरगं कसलं नि काय! तीन महिन्यांनी बाई त्याच गल्लीतून गेल्या, तेव्हा खोलीला कुलूपच होतं.

खोली सोडताना सामान आवरायला बाईंना अख्खा दिवस लागला, आणि मालकीण अंगणात उभी राहून बघत होती. ते बघणं बाईंना जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुंडप्पा बुरुडाकडून सात दुरड्या विणून घेतल्या, मागची बाजू चपटी, वर अडकवायला कडी. कपाट घ्यायचं नाही, फळी ठोकायची नाही. संसार सगळा भिंतीवर. जा म्हटलं की दुरड्या उतरवायच्या, भोकं बुजवायची आणि अर्ध्या तासात निघायचं. तसबीर गेली सातव्या दुरडीच्या तळाशी, साड्यांच्या खाली. रोज काढून वंदन करायचं, पुन्हा ठेवायची.

पुढं इस्लापूरलाही दोनदा खोली सोडून निघावं लागलं. हिमायतनगरच्या घरमालकीण केवळाबाई मात्र देवमाणूस. "म्हातारी होईस्तोर ऱ्हा बाई, तुला कोन हाकलतंय," म्हणायच्या. बाई नऊ वर्षं राहिल्या, तरी तसबीर काही तळातून वर आली नाही.

आणि आता स्वतःच्या घरातही ती तिथंच होती. बुद्धप्रियाला यावरूनच राग यायचा. "हॉलमध्ये समोर लावू. मशीननं पक्कं भोक पाडू," ती दर रविवारी म्हणायची.

"मशीनचं भोक बुजत न्हाई," बाई म्हणायच्या, आणि बोलणं तिथंच संपायचं.

परवाच्या रविवारी बेल वाजली. दारात नळाची नोंद करणारा माणूस. "घरमालक कोण?"

बाई पटकन म्हणाल्या, "मालक बाहेर गेलेत."

"कधी येतील?"

"संध्याकाळच्याला."

माणूस निघून गेला. बाई वळल्या, तर मागं बुद्धप्रिया उभी. तिचे डोळे भरून आले होते. बाईंना आधी लाज वाटली आणि मग भयंकर राग आला. त्या मालकिणीचा, ताकाच्या तांब्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा. अनवाणीच जिना उतरून त्या रस्त्यावर धावल्या. माणूस तीन घरं पुढं गेला होता.

"ओ साहेब! मालकीण मीच हाय. ल्हिवा, महामाया कांबळे!"

माणसानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लिहून घेतलं.

परत येताना त्यांनी समोरच्या पंढरी वायरमनला मशीनसकट बोलावून आणलं. त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. "बारीक पाडू का, मावशी?"

"मोठं पाड," बाई म्हणाल्या.

मशीन घरघरलं, विटेचा लाल भुगा फरशीवर सांडला. सातव्या दुरडीतून साड्या उपसून त्यांनी तसबीर काढली, पदरानं पुसली आणि दारातून दिसेल अशी लावली. बुद्धप्रियानं मेणबत्ती पेटवली. दोघी हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग बाई हातोडीच्या दुरडीकडं गेल्या. हातोडीशेजारी टूथपेस्टची नळी होती, नेहमीची. ती उचलून त्यांनी न्हाणीघरात नेली आणि दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवून दिली.