डाव्या गुडघ्याची तोंडी परीक्षा

खऱ्या बचावपटूला भीती ठाऊक नसते, असं आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते फ्रान्समध्ये अकरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळले होते, त्यामुळे आम्ही दहा-बारा चाळिशीतले गृहस्थ गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिलो. वाक्य संपवून ते बाकावर बसले आणि गुडघ्याला पट्टा बांधू लागले. बांधताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

ही मॉन्ट्रियलमधली, २०१७च्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शाळेच्या जिममध्ये आम्ही दर शनिवारी सकाळी खेळायचो. मी जायचो ते फ्रेंच कानावर पडावं म्हणून. माझं वर्क परमिट मे महिन्यात संपत होतं आणि पुढे राहायचं तर फ्रेंचची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं. एकदा नापास झालो होतो. पुन्हा झालो, की सामान बांधायचं आणि नागपूर. बायकोने नुकतेच गाडीला बर्फावरचे विंटर टायर घेतले होते, चार हिवाळे टिकणारे. तिच्या विश्वासाचा एवढाच पुरावा माझ्याजवळ होता.

या खेपेला मी शाळेतलाच मार्ग धरला. एक निबंध पाठ करायचा आणि कुठलाही प्रश्न त्याच्याकडे वळवायचा. विषय, प्रशिक्षकांची कारकीर्द. ते बसस्टॉपवर सावकाश सांगायचे, मी वहीत लिहायचो. गावच्या क्लबात लेफ्ट बॅक. मग दुसऱ्या श्रेणीचा संघ. एक हंगाम पहिल्या श्रेणीत, बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावर. मग मॉन्ट्रियल, गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया, मुलांचे प्रशिक्षक, मोठ्यांचे उपप्रशिक्षक, हकालपट्टी, आणि शेवटी आम्ही. ‘शेवटी आम्ही’ त्यांनी जरा हळू सांगितलं. एक गोष्ट मात्र लिहू दिली नाही. शेवटच्या सामन्यात समोरून एक धिप्पाड गडी धावत आला आणि हे बाजूला झाले.

“घाबरलो,” ते म्हणाले. “हे परीक्षेत नको.”

मी भांडी घासताना घोकायचो.

“लग्नाआधी माझ्याबद्दल एवढं पाठ केलं नव्हतंस,” बायको म्हणाली.

“तुझी परीक्षा नव्हती.”

“असं तुला वाटलं.”

परीक्षेची सकाळ. खोलीत एक बाई, एक टेबल, एक रेकॉर्डर. चेंडूकडे नाही, माणसाच्या कमरेकडे बघायचं, अशी प्रशिक्षकांची शिकवण. बाई बसलेल्या होत्या, म्हणून मी त्यांच्या पेनाकडे बघत राहिलो.

सुट्टीत काय करता? फुटबॉल, आणि आमचे प्रशिक्षक. तुमचं गाव? फार तापतं, आमच्या प्रशिक्षकांना ऊन सोसत नाही. शहरातल्या बससेवेबद्दल मत? प्रशिक्षक बसनेच येतात, कारण डावा गुडघा.

“आणि तुमचं कुटुंब?”

मी मनातल्या वहीचं पान उलटलं.

“प्रशिक्षकांना दोन मुली आहेत,” मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला विमानतळ दिसला, दोन बॅगा दिसल्या, गाडीचे नवे टायर दिसले.

“मग त्यांनी खेळणं का सोडलं?” त्यांनी विचारलं.

वहीत उत्तर नव्हतं.

“ते घाबरले,” मी म्हणालो. “समोरून माणूस आला आणि ते बाजूला झाले. मला ते समजतं. मी आत्ता घाबरलोय. पण इथे बाजूला व्हायला जागा नाही.”

न घोकता बोललेलं हे माझं पहिलं फ्रेंच. बाईंनी पेन उचलून काहीतरी लिहिलं.

निकाल आला, त्या शनिवारी मी लवकर गेलो. प्रशिक्षक पट्टा बांधत होते.

“पास,” मी म्हणालो.

“सगळं सांगितलंस?”

“हो.”

“तेसुद्धा?”

“तेसुद्धा.”

त्यांनी पट्टा आवळला. बराच वेळ आवळत राहिले.

“गुडघा कुठला सांगितलास?”

“डावा.”

मी खाली पाहिलं. पट्टा उजव्या गुडघ्याला होता.