मिरचीची रांग आणि सत्काराचा मांडव

खरं सांगा, कुणाचं चालू दुकान बंद करायला लावून तुम्ही आजवर किती सत्कार केले आहेत? आमच्या आईचे एका उन्हाळ्यात तीन झाले.

महामारीत लग्नं पन्नास माणसांत उरकू लागली आणि वडिलांचा मंडपाचा धंदा बसला. पुढे निर्बंध उठले, पण तोवर लोकांना मंगल कार्यालयांची सवय लागली होती. शेवगावात आमच्या घरामागे लोखंडी पाइपांचा ढीग पडून राहिला, त्यावर कारल्याचा वेल चढला. शेवटी आईने अर्धे पाइप विकायला लावले आणि मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी रस्त्याकडचा ओटा भाडं न घेता वापरायला दिला. मंदीत आम्हाला झालेली खरी मदत एवढीच, आणि तिच्यासाठी कुठलंही भाषण झालं नाही.

कांडपाचं काम उन्हाळ्यापुरतं. खेड्यांतल्या बायका बाजाराच्या दिवशी वाळलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन येतात, समोर बसून कुटून घेतात आणि एसटी गाठतात. समोर बसायचं कारण, आपल्या मिरचीत दुसरीची मिसळू नये. म्हणजे आईच्या हाती अख्ख्या वर्षात मोजून दहा-बारा बाजार. ते वाया गेले तर यंत्र विकावं लागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग गावातली सत्कार समिती आली. मी आजोबांनी जपून ठेवलेल्या चळवळीच्या पत्रकांवर वाचायला शिकले, त्यामुळे अन्याय करणारा काठी घेऊन येतो अशी माझी समजूत होती. हे शाल घेऊन आले. मंदीतून उभ्या राहणाऱ्या महिलांना प्रोत्साहन द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. कार्यक्रम बाजाराच्याच दिवशी, कारण एरवी गर्दी जमत नाही. आईने दुसरा दिवस सुचवला, तर अध्यक्ष म्हणाले की रिकाम्या खुर्च्यांपुढे सत्कार करणं म्हणजे तिचाच अपमान. वर मांडवाचं काम वडिलांना दिलं. दोन वर्षांनी काम मिळालं म्हणून वडिलांनी कारल्याचा वेल हळूच सोडवला आणि उरलेले पाइप पुसायला घेतले. त्यांच्याकडे बघून आईने तारीख मान्य केली.

पहिल्या सत्काराला अर्धा बाजार गेला, दुसऱ्याला पाऊण. दोन्ही वेळा बायका न कुटलेल्या मिरच्या घेऊन परत गेल्या. काही जणी पुढच्या बाजारी आल्याच नाहीत, पाथर्डीला दुसऱ्या कांडपावर गेल्या असं कळलं.

तिसऱ्या वेळी मांडव कांडपाच्या ओट्यासमोरच पडला. गर्दी पाहून समिती खूश झाली. ती गर्दी म्हणजे आईची रांग होती. ओट्यावर ऊन, मांडवात सावली, म्हणून बायका पिशव्या मांडीवर घेऊन खुर्च्यांवर येऊन बसल्या होत्या. व्यासपीठावर आई, डोक्याला गुलाबी फेटा. पुण्याहून आलेले पाहुणे मंदीत ग्राहक कसा टिकवावा यावर पाऊण तास बोलत होते. ग्राहकाला कधीही ताटकळत ठेवू नका, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं.

तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी उठली.

"सायेब, आमी सकाळधरनं ताटकळलोय. मंग जावं का दुसरीकडं?"

पाहुण्यांना हा श्रोत्यांचा प्रतिसाद वाटला. त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि लोकांनी वाजवल्याही. म्हातारी खाली बसेना. तिने थेट आईला विचारलं, "ताई, दोनची येष्टी हाय माजी. तुमचा सत्कार कवा संपायचा?"

आई उठली. पाहुण्यांना नमस्कार करून म्हणाली, "साहेब, तुमचं म्हणणं मला पटलंय." आणि खाली उतरून रस्ता ओलांडून गेली. फेटा काढायलाही थांबली नाही. तिच्यामागे निम्मा मांडव उठला.

यंत्र सुरू झालं आणि वारा मांडवाकडे होता. पाहुण्यांनी भाषण सोडलं नाही. शिंकत, डोळे पुसत त्यांनी ग्राहक टिकवण्याचे उरलेले उपाय पुरे केले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्याखाली श्रोते गहिवरल्याचं लिहिलं होतं.

समितीने वडिलांना पुढच्या कामातून काढलं. दोन दिवसांत त्यांनी मांडव सोडून पाइप पुन्हा घरामागे रचले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तुझ्या सत्कारावर माझे पाइप उभे राहत होते."

"मग आता माझ्या रांगेवर उभे करा," आई म्हणाली. "बाया उन्हात बसतात."

त्यांनी मांडव घातला, पाण्याचा माठही ठेवला. पाथर्डीला गेलेल्या बायका सावलीची बातमी ऐकून परत आल्या, येताना शेजारणींच्या पिशव्याही घेऊन आल्या. उरलेले सगळे बाजार यंत्र चाललं. ते आजही गुरुजींच्या त्याच ओट्यावर आहे.

यंदा समितीने शिलाईकाम करणाऱ्या एका विधवा बाईंची निवड केली आहे. सत्कार दिवाळीआधीच्या शेवटच्या बाजारी, म्हणजे गिऱ्हाईक कपडे न्यायला दारात उभं असेल तेव्हा. मी अध्यक्षांना पत्र दिलं. त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि तारीख तीच ठेवली.

तुमच्या गावातही अशी समिती असणार. आजच तिच्या अध्यक्षांना गाठा, ज्या बाईचा सत्कार करताय तिच्या कामाचा दिवस कोणता ते विचारा आणि तो सोडून तारीख मागा. ऐकलं नाही, तर त्या दिवशी मांडवात जाऊ नका. शिवायचं कापड, कुटायची मिरची, जे असेल ते घेऊन तिच्या दारात जाऊन बसा.