शंभर रुपये की फुकट सेवउसळ

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, संध्याकाळी सहा. भिशी दर घरी पाच हजार, एकूण वीस हजार. हजर आमच्या सोसायटीतली चार मराठी घरं, म्हणजे आठ माणसं. मुलं पूर्वी आतल्या खोलीत दंगा करायची. आता ती सोळा-सतराची झाली आणि यायची बंद झाली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं.

आमच्या भिशीत बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो. मुलाची बढाई मारली की त्यात शंभर रुपये टाकायचे. फजिती सांगितली की त्या दिवशीची गाडीवरून मागवलेली सेवउसळ फुकट, एरवी ज्याची त्याने पैसे द्यायचे. हा नियम एका वहिनींमुळे करावा लागला, कारण त्यांच्या मुलाचे टक्के ऐकता ऐकता उसळ गार व्हायची. आता त्या आल्याबरोबर नोट टाकतात आणि मगच बोलायला लागतात. त्या रविवारी त्यांचा मुलगा अहमदाबादला एकटा जाऊन आला होता. समोरच्या घरातल्या भावजींचा मुलगा मित्राकडे जातो म्हणून चुकून सावली गावाच्या बसमध्ये बसला, झोपला, आणि जागा झाल्यावर वडिलांना फोन करून विचारू लागला, "पप्पा, मी कुठे आहे?" भावजींनी दोन प्लेट उसळ खाल्ली.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सगळं सांगतो. यात शंभर द्यायचे की उसळ खायची, ते तुम्हीच ठरवा."

हकीकत अशी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. जूनमध्ये तिला सयाजीगंजमधल्या एका क्लासला घातलं. दहा महिन्यांची फी साठ हजार, एकरकमी. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ऑफिसात माझ्या फोनवर मेसेज आला, खात्यात अडतीस हजार जमा. मला वाटलं फसवणूक आहे. बँकेत जाऊन विचारलं, तर पैसे खरेच होते. तरी दोन दिवस मी त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला तेव्हा मुलगी म्हणाली, "अरे हो, ते माझ्या क्लासचे. आले वाटतं."

ऑगस्टअखेर तिने क्लास सोडला होता. तीन महिन्यांचे अठरा हजार आणि वरचे चार हजार कापून बाकीचे परत द्या, असा अर्ज तिनेच केला होता.

"पण अर्जावर पालकांची सही लागते," बायको म्हणाली.

"आहे ना. बाबांची."

ती तिसरीत असल्यापासून मी दर रविवारी सकाळी तिची गणितं तपासतो, बरोबरची खूण करतो आणि खाली सही करतो. सप्टेंबरातल्या एका रविवारी तिने तो अर्ज त्याच गठ्ठ्यात ठेवला. मी साठातून अठरा वजा केले, मग चार वजा केले, उत्तर बरोबर होतं. खूण केली, सही केली. वरचा मजकूर वाचला नाही, आकडेच पाहिले.

"मी लपवलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर टिकसुद्धा केलीत."

मग रोज चारला ती जात कुठे होती? प्रतापनगरला, रेल्वे क्वार्टरमध्ये, वर्गातल्या मैत्रिणीकडे. दोघी मिळून अभ्यास करतात. "तिला क्लास परवडत नाही आणि मला क्लास कळत नाही," असा तिचा खुलासा.

हे सगळं ऐकून समोरचे भावजी उठून उभे राहिले. "क्लासवाल्याकडून पैसे परत? मी माझ्या मोठ्याच्या वेळेला चार चकरा मारल्या, चहासुद्धा मिळाला नाही. टाका शंभर!"

"काय शंभर? अडीच महिने पोरीने घरात पत्ता लागू दिला नाही," वहिनी म्हणाल्या. "ही फजिती आहे. तीही वडिलांची, पोरीची नाही."

"वडिलांची फजिती नियमात बसते का?"

"बसवा ना. त्यात काय प्रॉब्लेम छे?" कोणीतरी गुजराती मिसळून म्हणालं.

"भावजी, तिला म्हणावं आमच्या धाकट्याचाही अर्ज लिहून दे," आणखी कोणीतरी मला म्हणालं.

"बघा, आता ऑर्डर यायला लागल्या. म्हणजे बढाईच!" समोरचे भावजी म्हणाले.

बायको म्हणाली, "तुम्हाला हसू येतंय. परीक्षा पुढच्या वर्षी आहे. क्लासने महिनाअखेरपर्यंत जागा ठेवलीय, तेच अडतीस हजार भरले तर. नाही भरले तर तिचं वर्ष हातातून जाईल."

शेवटी वहिनींनी निकाल दिला. निर्णय पुढच्या भिशीला. तिला क्लासला परत घातलं तर ती फजिती, उसळ फुकट. नाही घातलं तर बढाई, शंभर रुपये.

त्यानंतर मी आकडे मांडून पाहिले. क्लासमध्ये असताना फिजिक्सला शंभरात एकतीस होते, आता शाळेच्या सहामाहीत अठ्ठावन्न. सत्तावीस वाढले. पण पेपर वेगळे होते, आणि अठ्ठावन्नात काही होत नाही. मैत्रिणीला एकाहत्तर होते. त्यावरून काय समजायचं, तेही कळेना.

महिनाअखेरच्या दोन दिवस आधी चेक लिहून खिशात घातला आणि ऑफिसातून स्कूटर सयाजीगंजकडे न नेता आधी प्रतापनगरला नेली. मुलीला सांगून मगच भरावा, असं मनात होतं. क्वार्टरचं दार उघडं होतं. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. मैत्रीण काहीतरी समजावत होती.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही," माझी मुलगी म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

"अगं, तिसऱ्यांदा!"

"मग चौथ्यांदा सांगशील. मला नाही कळलं."

मी दारातच थांबलो. घरी मी जेव्हा जेव्हा "कळलं का?" असं विचारलं, तेव्हा तेव्हा तिने हो म्हटलं आहे. क्लासमध्येही हो म्हणत असणार, एकशेवीस मुलांत. ती "नाही" म्हणते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हे चांगलं लक्षण की वाईट, याचा विचार करेपर्यंत मैत्रिणीच्या आईने मला पाहिलं, आत बोलावलं आणि चहा ठेवला. मुलीने मान वळवली.

"बाबा? घ्यायला आलात?"

"नाही. सहज."

"मग चहा पिऊन जा. आम्हाला अजून तासभर लागेल."

चहा पिऊन निघालो. क्लासचं ऑफिस साडेसातपर्यंत उघडं असतं, वेळ होता. सयाजीगंजच्या वळणापर्यंत गेलो आणि घरी आलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नक्की ठरलं काय?" मी म्हटलं, नक्की असं काही नाही, चेक भरला नाही एवढंच. ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. सकाळी मात्र मुलीच्या डब्यात दोघींपुरत्या पोळ्या होत्या.

तारीख उलटून गेली. आम्ही बरोबर केलं का, हे परीक्षेनंतर कळेल, आणि तेव्हाही नीट कळेल याची खात्री नाही. अभिमान वाटतो का, असं वहिनींनी विचारलं. खरं सांगायचं तर धास्ती जास्त वाटते, पण धास्तीसाठी आमच्या नियमात काही ठरलेलं नाही.

डिसेंबरची भिशी, दुसरा रविवार, आठही जण हजर. क्लासला काही दिलं नाही. बिस्किटांच्या डब्याला शंभर रुपये दिले, आणि माझ्या उसळीचे वेगळे चाळीस गाडीवाल्याला.