कविता उभं राहून म्हणायची

गेल्या महिन्यातली गोष्ट. इंदिरानगरहून रिक्षाने हॉस्पिटलला पोचलो. तिथे परदेशातून डॉक्टर येतात आणि गरीब घरच्या मुलांची हृदयाची ऑपरेशन्स मोफत करतात. मुलांचा वेळ जावा म्हणून मी वॉर्डात कविता शिकवायला जातो... निवृत्त मास्तराला दुसरं काय येतं?

त्या दिवशी घोटीकडची नऊ वर्षांची सुनंदा होती. दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. मीच जुळवलेली एक कविता तिला दिली. "डोंगरामागून ढग आला, माझ्या विहिरीत डोकावला..."

दुसऱ्या ओळीतच ती थांबली आणि खाली उकिडवी बसली. चाळीस वर्षांची सवय माझी, बोलून गेलो, "ऊठ गं. कविता बसून म्हणतात होय?"

"बसू द्या सर," सिस्टर म्हणाल्या. "ही मुलं अशी बसली की त्यांचा दम परततो."

"शाळंतबी अशीच बसती," तिची आई म्हणाली. "मास्तर वरडत्यात, आळशी हाय म्हनून."

तेव्हा मला सुनंदाची निळसर नखं दिसली... आणि घोटीच्या शाळेतला माझाच वर्ग. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, तशीच निळ्या ओठांची, तशीच मध्येच खाली बसणारी. मी तिला दर वेळी उभं करायचो.

सुनंदाच्या आईने अजून ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही केली नव्हती. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, तरी तिचा धीर होत नव्हता. "छाती उघडनार म्हनत्यात. हसती-खेळती पोर हाय सर, घरी न्यावी वाटतं."

मी तिला माझ्या वर्गातल्या त्या मुलीबद्दल सांगितलं. मी रागवायचो तेही सांगितलं.

"मंग काय झालं तिचं?"

"दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. का, ते मी कधी विचारलंच नाही."

बाईने लेकीचा हात उचलून नखं बघितली. मग सिस्टरला म्हणाली, "द्या तो कागद."

दहा दिवसांनी पुन्हा गेलो. सुनंदा खाटेपाशी उभी, छातीवर पट्टी, नखं गुलाबी. मला बघताच कविता सुरू. ढग आला, विहिरीत डोकावला, शेवटच्या ओळीपर्यंत पोचला... ती एकदाही खाली बसली नाही. ऐकता ऐकता मीच स्टुलावर टेकलो.

"सर, उठा की," ती म्हणाली. "कविता बसून ऐकत्यात व्हय?"

वॉर्ड हसला. मी उठलो... आणि तिने कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हटली.

त्या डॉक्टरांची नावंही मला नीट घेता येत नाहीत, पण त्यांचे हात आठवले की मन निर्धास्त होतं. आता वॉर्डात माझा नियम बदललाय. ज्याला बसायचं त्याने खुशाल बसावं, उभं राहायचे दिवस येताहेत. आणि तिसऱ्या बाकावरच्या मुली, तू जिथे कुठे असशील तिथे... उशिरा का होईना, बस गं बाळ.