मानलेल्या बापाविरुद्ध

नातवंडांनो, यंदा तुम्ही पहिल्यांदा मत देणार आणि फोनवर म्हणालात, "आजी, सगळीकडे तीच घराणी. काय उपयोग?" म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही जपानमध्ये, इचिकावात राहत होतो. शेजारची फिलिपिनो बाई जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या गावात तीन पिढ्या एकाच घराण्याचा नगराध्यक्ष. प्रत्येक लग्नात नवरानवरीचा मानलेला बाप म्हणून तोच उभा राहायचा. मग त्याच्या माणसांविरुद्ध कोण जाणार? तिची धाकटी बहीण मात्र वाडीच्या प्रमुखपदासाठी त्याच्या पुतण्याविरुद्ध उभी राहत होती. आईने तिच्याशी अबोला धरला होता.

मी विचारलं, "तिला भीती नाही वाटत?"

"तिचं लग्न कुठे झालंय!" शेजारीण हसली. "आणि आईच्या औषधांसाठी आता माझा पगार जातो. पैशांसाठी नगराध्यक्षाच्या दारात उभं राहावं लागत नाही."

बहीण थोडक्या मतांनी जिंकली. मतमोजणीला आई तिच्याशेजारी बसली होती म्हणे.

शेजारणीचं नाताळचं कार्ड अजून येतं. नगराध्यक्ष आजही त्याच घराण्याचा आहे. बहिणीने वाडीत आणलेला नळही चालू आहे.