कच्च्या बटाट्याची साक्ष

सुनेने बटाटे चिरले आणि तो वास आला. मुलगा नेहमी सांगतो, "बाबांनीच आईला धुक्यातून वेळेत दवाखान्यात पोचवले." साफ चूक! आमच्या जुन्या पिकअपचा हीटर कितीदा दुरुस्त केला, तरी दर हिवाळ्यात बंद पडे. त्या पहाटे मझौलीहून जबलपूरला निघालो आणि काच आतून वाफेने पांढरी झाली. मी गाडी थांबवली. कळा सोसणाऱ्या पत्नीने पिशवीतला बटाटा दातांनी तोडून काचेवर चोळला, तशी वाफ हटून रस्ता दिसू लागला.

"काहून थांबून राहिले? काच मी पाहते, तुम्ही रस्ता पाहा!"

दवाखान्याच्या दारापर्यंत तिने हात थांबवला नाही. हे श्रेय मला देणाऱ्या, त्याच दिवशी जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या दुपट्यालाही तिच्या बोटांचा, कच्च्या बटाट्याचा वास होता. तो मी स्वतः घेतला आहे.