सातव्या महिन्यात कोण घर पाडतंय!

हुंग मास्तर हल्ली सकाळची पेज खायला चार गल्ल्या पलीकडे जातात. ग्योकचू आजीचा माशाच्या पेजेचा गाडा त्यांच्या दारासमोरच आहे, अर्धं ताइनान शहर तिथे रांग लावतं, आणि हे महाशय टोपी डोळ्यांवर ओढून गाड्यामागून निसटतात. आजीला ते दिसतात. ती रांगेतल्या पुढच्याची वाटी भरते, आणि तेच त्यांना जास्त लागतं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि आमच्या मंडळात आले. आम्ही हौशी माणसं शहरातली जुनी घरं शोधतो, मोजतो, त्यांची चित्रं काढतो आणि ती जपावीत म्हणून महापालिकेकडे अर्ज करतो. अर्ज दाखल झाला की निकाल लागेपर्यंत मालकालाही विटेला हात लावता येत नाही. म्हणजे आमच्या कामात घाई करायलाच हवी. पण मास्तरांचा हात देखणा, आणि कौतुकाची सवय लागलेला. खिडकीची जाळी, दारावरची चुन्यातली डाळिंबं, सगळं शाईत नीट उतरल्याशिवाय ते कागद हातातून सोडत नसत.

ग्योकचू आजीच्या वडिलांचं काढ्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. वडलांमागे ते धाकट्या भावाच्या, बुनयोंगच्या नावावर झालं. त्याला तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. आजी आमच्याकडे आली ती पेजेचा डबा घेऊनच.

"मास्तर, तो पाडणार हो घर. वर आईबाबांची पाटी आहे."

पूर्वजांच्या नावांची लाकडी पाटी, त्यांचा आत्मा तिच्यात राहतो असं मानतात. लग्न झालेल्या मुलीला ती सासरी ठेवता येत नाही, म्हणून आजी रोज माहेरच्या त्या रिकाम्या घरात जाऊन उदबत्ती लावायची. बुनयोंग लग्नापासून चर्चमध्ये जाणारा, त्याने ती कधी लावली नाही.

"मी आता दारातच खाट टाकते," आजी म्हणाली. "बघू कोण यंत्र घेऊन येतं ते."

मास्तर हसले. "अहो आजी, परवा सातवा महिना लागतोय. पाताळाची दारं उघडणार, भुतं गल्लीबोळांतून फिरणार. या महिन्यात कोणी भिंतीला खिळा ठोकत नाही, आणि घर कोण पाडतंय! तुम्ही खुशाल काओशुंगला लेकीकडे जाऊन या. तोवर माझी चित्रं पुरी होतात, मग लगेच अर्ज टाकू."

"आणि पाटी? देवळात नेऊन ठेवू का?"

"असू द्या तिथेच. म्हाताऱ्या माणसांना कशाला हलवता?"

आम्हीही माना डोलावल्या. बुनयोंगच्या लग्नाला मास्तर स्वतः चर्चमध्ये जाऊन केक खाऊन आले होते. तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हाला सातवा महिना म्हणजे सगळ्या जगाचाच सातवा महिना.

घर पडलं त्या सकाळी मास्तर डाळिंबाची पानं रंगवत होते. आवाज ऐकून ते धावले, मी त्यांच्यामागे. वरचा मजला तोवर खाली आला होता.

"बुनयोंग! अरे, भुतांचा महिना चाललाय!"

"आमच्यात नसतो हो असा महिना, मास्तर," बुनयोंग ओशाळून म्हणाला. "यंत्रवाला म्हणाला, या दिवसांत कोणी बोलवत नाही, अर्ध्या भाड्यात येतो. चालकही डोंगराकडचा, चर्चवालाच."

"आणि वरची पाटी?"

"पाटी?" त्याचा चेहरा उतरला. "ताई लेकीकडे गेली ना? मला वाटलं, घेऊन गेली असेल."

मास्तर आणि बुनयोंग दोघांनी अंधार पडेपर्यंत ढिगारा उपसला. उदबत्तीच्या भांड्याचा एक तुकडा मिळाला. मला खरं तर बुनयोंगचा राग यायला हवा होता. आली ती लाज, मास्तरांची आणि आम्हा सगळ्यांचीच.

आजी परत आली तेव्हा मास्तर भर गल्लीत तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "उठा," ती म्हणाली, "गुडघे धरतील." आणि पेजेला फोडणीचा लसूण तळायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर माणूस सुटला असता. पुढे मंडळात कोणीतरी म्हणालं, मास्तरांचं ते चित्र फार सुरेख झालंय, प्रदर्शनात लावू या. एरवी शांत असलेले मास्तर असे ओरडले की पुन्हा कोणी विषय काढला नाही.

महिन्याच्या मध्यावर गल्लीची पूजा आली. त्या दिवशी प्रत्येक जण दाराबाहेर टेबल मांडतो, ज्यांना घर नाही, ज्यांना कोणी विचारत नाही, त्या भटक्या भुतांना जेवायला. मास्तरांनीही मांडलं. शेजारी आजीचं टेबल होतं. कोंबडी, पेरू, दारूची बाटली. आणि अगदी कडेला पेजेच्या दोन वाट्या, जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या.

मास्तरांनी कितीतरी दिवसांनी तिच्याकडे पाहिलं. "या वाट्या कोणाच्या, आजी?"

"आईबाबांच्या," ती म्हणाली. "त्यांना आता घर नाही ना, या भटक्यांबरोबरच जेवतील. तुमचं टेबल जरा सरकवता का, मास्तर? बाबांना गर्दी चालत नाही."

मास्तरांनी टेबल सरकवलं.